वाळुंजाखालची खूण

बहात्तर साली रोटनाऊ जिल्हा मोडला. लढाईबिढाई काही झाली नाही. राजधानीत बसलेल्या लोकांना वाटलं, राज्यात जिल्हे फार झालेत, निम्म्यावर आणावेत, आणि त्यांनी ते आणले. श्टाइनलोहे गाव टालबर्ग जिल्ह्याच्या पदरात पडलं, आणि ओढ्यापलीकडचं एर्लाख भलतीकडेच गेलं. दोन गावांत अंतर इतकंच, की इकडचा कोंबडा आरवला तर तिकडचा त्याला ओ देतो. आता एक जुलैपासून दोघांचे जिल्हे वेगळे.

श्टाइनलोहेत त्यापायी कुणी डोक्याला हात लावून बसलं नाही. हा मुलूख कधीकाळी बिशपचा होता, मग राजाचा झाला. राजा गेला, मग जे आले त्यांचं नाव जेवताना घेऊ नये, मग अमेरिकन आले आणि जीपमधून पोरांना चॉकलेटं वाटून गेले. दर खेपेला रोटनाऊच्या कचेरीवरची पाटी तेवढी बदलली. गावातला शेणखताचा ढीग होता तिथंच राहिला. सरपंच म्हणजे गुत्त्याचा मालक. गावाचा शिक्का त्याच्या गल्ल्यात बिअरच्या बुचांबरोबर लोळत असायचा. आता शिक्काही जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे, त्यानं बाटली थोडीच उघडते."

शिवेचं मात्र तसं नव्हतं. शीव म्हटली की गावातलं शेंबडं पोरही ताठ बसायचं.

शीव ओढ्याला धरून जाते खरी, पण ओढा आज इथून वाहील, उद्या तिथून, त्याचा काय भरवसा. म्हणून दगड. दगडाच्या इकडच्या अंगाला बिशपची काठी कोरलेली, तिकडच्या अंगाला एर्लाखच्या जुन्या सरदाराचा गरुड. काठीकडचे कॅथलिक, गरुडाकडचे प्रोटेस्टंट. गुड फ्रायडेला एर्लाखचे लोक काळे कपडे करून माना खाली घालून बसले, की श्टाइनलोहेवाले नेमकं त्याच दिवशी शेणखत बाहेर काढतात. आणि जूनमध्ये श्टाइनलोहेत ख्रिस्तदेहाची मिरवणूक निघाली, रस्त्यावर फुलांचे गालिचे पडले, की एर्लाखवाल्यांना वारा बघून आपलं खत पसरायची आठवण होते. याला तिकडं शेजार म्हणतात.

दगडांची राखण सातजण करतात. गावानं निवडलेले, शपथ घेतलेले, एकदा सातांत आला तो मरेपर्यंत सातांत. शपथेच्या दिवशी जुना माणूस नव्याच्या कानात सांगतो, की दगडाखाली पुरायचं काय आणि ते मांडायचं कसं. तिला खूण म्हणतात. दगड कुणीही गाढव हलवील, पण खालची खूण सातांखेरीज कुणाला मांडता येत नाही. म्हणून दगड खरा की खोटा हे सातजण सांगतात, आणि त्यांच्या शब्दावर कचेरीही गप्प बसते. बायकोला सांगायचं नाही, पाद्र्याजवळ पाप कबूल करतानाही सांगायचं नाही. खूण म्हणजे काय ते या गोष्टीतही कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लोरेंझ केर्लिंग या सातांतला. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा, बोलायला कंजूष. दोन्ही मुली लग्न होऊन शहरात गेलेल्या. घरात बायको बाबेट, गोठ्यात गाई, आणि मागच्या खोलीत म्हातारा बाप, फाइट. फाइटनं ऐंशी ओलांडली होती, दोन काठ्यांवर चालायचा, पण तोही सातांतलाच. बाप-लेक दोघेही सातांत, असं श्टाइनलोहेत पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि लोरेंझला त्याचा अभिमान होता. सातांचा मुख्य पांक्रात्स लोहार. त्याचे हात आता थरथरायला लागले होते, आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलच्या सणाला मुख्यपण लोरेंझकडे द्यायचं असं त्यानं गुत्त्यात चारचौघांत बोलून ठेवलं होतं.

तर मे संपता संपता सरपंचानं वर्दी दिली. ओढ्यावरून आता जिल्ह्याची हद्द जाणार, म्हणून ओढ्याकाठचा एकूण एक दगड उघडून तपासायचा. मोजणीदार येईल. सातांनी दगड खरा म्हणून सांगितलं, की तो तिथं सिमेंटचा खुंटा ठोकणार, आणि मग पुन्हा म्हणून कुणाला उकरायला नको.

लोरेंझनं हे रात्रीच्या सूपावर घरी सांगितलं. म्हातारा भाकरीचा काळा तुकडा सूपात बुडवत होता. त्याचा हात थांबला.

"कुरणातला पण?" त्यानं विचारलं.

"सगळेच."

म्हाताऱ्यानं तुकडा वाटीतच सोडला आणि काठ्या घेऊन खोलीत गेला. बाबेट म्हणाली, दात दुखत असेल. लोरेंझचंही जेवण तिथंच संपलं.

कुरण ओढ्याच्या काठाला होतं, गावापासून लांब. केर्लिंगांच्या सगळ्या जमिनीत तेवढाच तुकडा उन्हाळ्यात हिरवा राहायचा, कारण तिथं वाळुंजाच्या खुंटाजवळ झरा होता आणि झऱ्याखाली दगडी दोण. गाई सकाळी कुरणात सोडल्या की त्या दोणीवर पाणी पीत. पाण्यासाठी ट्रॅक्टर लागायचा नाही की पिंप वाहायला नको. शिवेचा दगड झऱ्याच्या पलीकडे, गवताची गाडी वळेल एवढ्या अंतरावर उभा होता. त्याच्या पुढं कास्पर डेलिंगरची जमीन. कास्पर एर्लाखचा.

हा कास्पर रशियाच्या कैदेतून परत आला, त्याला आता बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. आला त्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद. कुरणात लोरेंझ दिसला, की हा ओढ्याच्या बाजूनं हाक मारायचा: "काय केर्लिंग, आज कुठवर आला तुमचा दगड? पाय दुखत असतील बिचाऱ्याचे." लोरेंझ हसण्यावारी न्यायचा. एर्लाखच्या माणसानं श्टाइनलोहेच्या सातांपुढं अर्ज करणं म्हणजे नाक घासणं, आणि कास्परचं नाक तसलं नव्हतं. त्यामुळे दगड कुणी उघडला नाही.

त्या वर्षी मिरवणुकीच्या दिवशी कास्परनं नेमानं खत पसरलं. दुसऱ्या दिवशी लोरेंझ नि बाबेट कुरणात गवत कापायला गेले. मशीन ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीत रुततं, म्हणून तिथं अजून लांब दांड्याच्या विळ्यानंच कापावं लागतं. लोरेंझ कमरेत वळून वळून कापत होता, बाबेट मागून दाताळ्यानं पसरत होती. ऊन चढलं तसे दोघांचेही कपडे पाठीला चिकटले. कास्पर पलीकडे कुंपणाला टेकून उभा राहिला.

"कापून घ्या," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बघू कोणाचं गवत ते."

एरवी लोरेंझ हसला असता. त्या दिवशी त्यानं विळ्याला धार लावायला घेतली आणि दगड पात्यावरून घासत घासत तो झऱ्याकडे बघत राहिला. त्याला एक जुनी गोष्ट आठवत होती. लहानपणी तो नि गावातली पोरं या झऱ्यावर पाणी प्यायची, आणि डेलिंगरांची म्हातारी, कास्परची आई, फाटकी केरसुणी घेऊन त्यांच्या मागं लागायची. पोरं ओढ्यातून उड्या मारत पळायची. चोरून प्यालेलं ते पाणी फार गोड लागायचं. इतकी वर्षं ही आठवण त्याच्या डोक्यात नुसती पडून होती. आता तिनं डोकं वर काढलं. आपल्याच झऱ्याचं पाणी चोरून कोण पितं?

लढाईवर गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, फ्रान्सच्या कैदेतून सुटून आला तो अठ्ठेचाळीस साली. आल्यावर त्याला झरा आपल्या कुरणात दिसला. इतकी वर्षं घर सोडून राहिलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी बदललेल्या दिसतात. त्यानं विचारलं नाही.

मधल्या सत्तेचाळीस सालच्या उन्हाळ्याबद्दल लोक अजून बोलतात. तसा दुष्काळ पुन्हा पडला नाही. विहिरी आटल्या, गाई गुडघे टेकून माती चाटायच्या. डेलिंगरांच्या घरी तेव्हा एकटी म्हातारी; एक मुलगा मेलेला, दुसरा रशियात.

शनिवारी पहाटे, धुकं होतं तेव्हाच, लोरेंझ पहार नि फावडं घेऊन कुरणात गेला. बाबेटला म्हणाला, कुंपण बघून येतो. सातांतल्या माणसानं एकट्यानं दगड उघडायचा नसतो, ही शपथेतली पहिली गोष्ट. त्यानं गरुडाच्या बाजूनं माती काढली, पहार लावून दगड कलता केला आणि पालथं पडून खाली हात घातला. गार माती लागली, एक गांडूळ लागलं, चार खडे लागले. त्यानं कोपरापर्यंत हात घातला. खाली काही नव्हतं.

दगड परत बसवून तो दोणीच्या काठावर बसला. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. गाव दगड हलवणाऱ्याला काय म्हणतं, ते त्याला चांगलं माहीत होतं. प्रत्येक पोराला आजी सांगते, की शिवेचा दगड हलवणारा मेल्यावर सुटत नाही. तो दगड निखाऱ्यासारखा पेटतो, आणि तो खांद्यावर घेऊन मेलेला माणूस शिवेवरून फिरत ओरडत राहतो, "हा मी कुठं ठेवू? कुठं ठेवू?" आणि कुणीतरी धीर करून सांगेपर्यंत, की "जिथून उचललास तिथं," त्याची सुटका नाही. लोरेंझ त्या गोष्टीला लहानपणी फार भ्यायचा, आणि अशा रात्री बाप त्याला जवळ घेऊन झोपायचा.

आता हे सगळं त्याच्या बापाच्या नावावर लागणार होतं. झरा जाणार, गवत जाणार, ते एक वेळ सोसलं असतं. पण गुत्त्यात केर्लिंग आत शिरला की लोक बोलता बोलता थांबणार, पांक्रात्स शब्द मागं घेणार, आणि कास्पर डेलिंगर जन्मभर दात काढणार. लोरेंझला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा राग जास्त आला, आणि तो राग बापावर न येता मोजणीदारावर आला, त्या जिल्ह्यावर आला. इतकी वर्षं हा दगड कुणाला खुपला नव्हता.

आणि मग त्याच्या मनात आलं, की खूण मांडायची कशी ते आपल्याला येतं.

सातांपैकी प्रत्येकाकडे थोड्या खुणा असतात, पांक्रात्सनं मोजून दिलेल्या. लोरेंझच्या वाटणीच्या गेल्या वर्षी रस्त्याच्या कामात संपल्या होत्या. पण म्हाताऱ्याच्या खाटेखाली पत्र्याचा डबा होता. रविवारी बाबेट म्हाताऱ्याला चर्चला घेऊन गेली. लोरेंझ गाय विणार आहे म्हणून मागं राहिला. गाय काही त्या दिवशी व्याली नाही, म्हाताऱ्याचा डबा मात्र एका खुणेनं हलका झाला. सोमवारी पहाटे धुक्यात त्यानं दगड पुन्हा कलता केला आणि खाली खूण मांडली, अगदी नेमानं, बापानंच कानात सांगितली होती तशी. माती दाबली, त्यावर गवताची ढेप बसवली, वर कापलेलं गवत पसरलं. हात दोणीत धुतले. पाणी नेहमीसारखंच गार होतं.

मंगळवारी संध्याकाळी म्हातारा गोठ्यात आला. लोरेंझ धार काढत होता. म्हातारा भिंतीला टेकून उभा राहिला.

"बुधवारी मी येणार आहे," तो म्हणाला. "मला ट्रॅक्टरवर बसव."

"कशाला हाडं खिळखिळी करून घेता? सहाजण पुरे आहेत."

"मी सातांतला आहे. अजून मेलो नाही." मग तो म्हणाला, "लोरेंझ, तो कुरणातला दगड..."

लोरेंझनं मान वर केली नाही. "त्याची काळजी तुम्ही करू नका. तो ठीक आहे."

"ठीक आहे म्हणजे?"

"ठीक आहे म्हणजे ठीक आहे."

बादलीत दुधाची धार वाजत राहिली. म्हातारा आणखी काही बोलणार होता, ते लोरेंझला दिसलं, आणि म्हणूनच त्यानं बादली उचलली नि तो बाहेर गेला.

बुधवारी सगळे कुरणात जमले. सातजण, सरपंच, कास्पर डेलिंगर, आणि तिकाटण्यावर दुर्बीण बसवलेला मोजणीदार. मोजणीदार तरुण होता, त्याच्या बुटांत चिखल गेल्यामुळं वैतागलेला. पांक्रात्सनं रिवाजाप्रमाणं सातांखेरीज सगळ्यांना रस्त्याकडेला जाऊन पाठ फिरवायला सांगितलं. मोजणीदार म्हणाला, हे विसावं शतक आहे. सरपंच त्याच्या दंडाला धरून त्याला घेऊन गेला. कास्पर जाताना म्हणाला, "पाठ फिरवतो बापडा. कान काही फिरवता येत नाहीत."

सातांनी दगडाभोवती कडं केलं. दोघांनी पहारीनं दगड कलता केला, पांक्रात्स गुडघ्यावर बसला आणि थरथरत्या हातांनी माती बाजूला करू लागला. लोरेंझ त्याच्या पाठीमागं उभा होता.

"आहे खूण," पांक्रात्स म्हणाला. "मांडणी बरोबर आहे."

चारपाच जणांनी श्वास सोडला. गावाची लाज राहिली होती. पांक्रात्स उठायला लागला, तेवढ्यात फाइट म्हातारा म्हणाला, मला बघू द्या. काठ्या टेकत तो खड्ड्याच्या कडेला आला आणि वाकून खड्ड्यात बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला, की पांक्रात्सनं विचारलं, चक्कर येतेय का. म्हाताऱ्यानं मान वर केली ती लोरेंझकडे. लोरेंझनं बापाचे डोळे जन्मभर पाहिले होते. मार देताना पाहिले होते, आईला मूठमाती देताना पाहिले होते. असे पाहिले नव्हते.

म्हातारा वळला आणि झऱ्याकडे निघाला. ओल्या जमिनीत काठ्या रुतत होत्या, प्रत्येक पावलाला त्या ओढून काढाव्या लागत होत्या. लोरेंझ धरायला धावला, तर म्हाताऱ्यानं कोपरानं त्याला ढकललं. वाळुंजाच्या खुंटाशी जाऊन तो थांबला, धाप लागली होती, आणि काठीनं त्यानं जमीन ठोकली.

"इथं खणा."

कुणी हललं नाही. मग पांक्रात्सनंच कुदळ घेतली. वाळुंजाच्या मुळ्या तोडत तोडत जावं लागलं. ढोपरभर खाली खूण लागली. मुळ्या तिच्या भोवती इतक्या आवळून बसल्या होत्या, की ती पांक्रात्सच्या आजोबांनी ठेवली असावी. मांडणी बरोबर होती.

पांक्रात्सनं तिला हात लावला नाही. तो या खड्ड्याकडे बघे, मग त्या खड्ड्याकडे बघे.

"एका दगडाला दोन खुणा नसतात, फाइट," तो हळू म्हणाला.

"दगड मी हलवला," म्हातारा म्हणाला. "सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात. गाई मरत होत्या."

"ते कळलं. आणि ती, आत्ता दगडाखाली सापडलेली?"

"दगड मी हलवला, सांगितलं ना."

"मी विचारतोय, ती कुणी ठेवली?"

"मीच," म्हातारा म्हणाला. "मीच ठेवली."

सगळ्यांना दिसत होतं. त्या खड्ड्यातली माती भुसभुशीत होती, तिच्यात कालपरवाच्या हिरव्या गवताचं पातं सापडलं होतं, आणि समोरचा म्हातारा दोन काठ्यांशिवाय उभाही राहू शकत नव्हता. चौघांनी लोरेंझकडे बघायचं टाळलं. पांक्रात्सनं टाळलं नाही. तो बघत राहिला, वाट बघितल्यासारखा. लोरेंझनं तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. त्यानं जमिनीकडे बघितलं. बाप त्याच्यासाठी खोटं बोलत होता, आणि त्यानं ते बोलू दिलं.

पांक्रात्स गेला, खोट्या खड्ड्यातली खूण त्यानं काढली, कातडी विजारीवर पुसली, रुमालात बांधून खिशात टाकली. मग लाकडं लावून दगड उचलला आणि वाळुंजापाशी आणून जुन्या खुणेवर बसवला. म्हातारा उचलायला नव्हता, पण दगड नेत होते तेवढा वेळ त्याचा एक हात त्यावर होता.

पांक्रात्स रस्त्यावर गेला आणि म्हणाला, दगड जागेवर नव्हता, आता आहे. मोजणीदारानं विचारलं, कुणी हलवला. पांक्रात्स म्हणाला, ते सांगणं सातांचं काम नाही. कास्परला सांगायची गरज नव्हती. झरा आता गरुडाच्या बाजूला होता. इतकी वर्षं टोमणे मारणारा माणूस, सगळ्यांना वाटलं आता बोलेल. तो कुरणात आला, दोणीवर वाकला, ओंजळीनं पाणी प्याला आणि मिशा पुसून फाइटसमोर उभा राहिला.

"माझी आई सांगायची, दगड हलला," तो म्हणाला. "लोक तिला म्हणायचे, म्हातारे, तुला वेड लागलंय. शेवटी शेवटी तिलाही तसंच वाटायला लागलं होतं."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. बाकी त्याच्याजवळ काही नव्हतं.

जुलैत जिल्हा गेला. रोटनाऊच्या कचेरीत म्हणे आता शाळा भरते. गाड्यांच्या नंबरांची अक्षरं बदलली, रस्त्यावरची पिवळी पाटी बदलली. मायकेलच्या सणाला मुख्यपण लोरेंझकडे आलं नाही. पांक्रात्स म्हणाला, अजून एखादं वर्ष हात चालतील. लोरेंझला सातांतून कुणी काढलं नाही. फक्त सप्टेंबरात सोंडेवरच्या माळावर एक दगड बसवायचा होता, तेव्हा त्याला निरोप आला नाही. गुत्त्यात लोक त्याच्याशी बोलायचे, गवताबद्दल, दुधाच्या भावाबद्दल. बोलताना थांबायचे नाहीत. त्याला वाटायचं, थांबले असते तर बरं.

कास्परनं नव्या शिवेवर तार ओढली आणि तिला एक फाटक ठेवलं. बाबेट गाई घेऊन गेली होती, तिला म्हणाला, जनावरांनी काय पाप केलंय, पाजत जा पाणी, फाटक तेवढं लावत जा. तेव्हापासून रोज सकाळी लोरेंझ कास्परचं फाटक उघडायचा, गाई झऱ्यावर न्यायचा, परत आणायचा आणि फाटक लावायचा. कास्पर पलीकडे असला तर हात वर करायचा. टोमणा मारायचा नाही.

बाप-लेक त्या विषयावर एकदाच बोलले. ऑक्टोबरात, बटाटे काढून झाल्यावर, म्हातारा गोठ्याच्या दाराशी उन्हात बसला होता.

"दगड उचलला," तो समोर बघत म्हणाला. "खूणही उचलणार होतो. दोनदा खाली हात घातला. तिथं हात धजला नाही."

म्हाताऱ्यानं उत्तराची वाट बघितली असं वाटलं नाही. बाबेट मात्र सगळ्यांना सांगायची, की यंदा मामंजींना झोप छान लागते, म्हणतात पाय हलके झाले. नोव्हेंबरात, संतांचा सण उलटल्यावर, तो झोपेतच गेला.

अंत्ययात्रेला सगळं गाव आलं, आणि शिवेपलीकडून कास्परही आला, चर्चबाहेर उभा राहिला. सातांतला माणूस गेला की शवपेटी त्याचे सोबती उचलतात. पाचजण आले, आणि सहावा खांदा लोरेंझचा होता, मुलगा म्हणून. दफनभूमीत पाद्र्याचं म्हणून झालं. मग श्टाइनलोहेत रिवाज आहे तसा पांक्रात्स पुढं झाला. मेलेल्या सोबत्याच्या खड्ड्यात एक खूण टाकायची, कापडात गुंडाळलेली, कुणाला दिसू नये अशी. म्हणजे त्या माणसाची जागा आता पक्की. फाइटला ती मिळेल की नाही, यावर घराघरात बोलणं झालं होतं. पांक्रात्सनं खिशातून पुडी काढली, वाकला आणि टाकली. पेटीवर टक् असा आवाज झाला. बाबेट रडायला लागली.

पांक्रात्स मागं वळला, तो जाग्यावर परत गेला नाही. लोरेंझपुढं येऊन उभा राहिला, दुसऱ्या खिशातून एक गाठ मारलेला रुमाल काढला आणि त्याच्या हातात ठेवला. लोरेंझनं गाठ सोडली नाही. वजनावरूनच त्याला कळलं.

सगळं गाव बघत होतं. लोरेंझचा हात तसाच पुढं राहिला. खिशात घालावा तर तो जन्मभर खिशात राहणार, परत द्यावा तर पांक्रात्सचे हात मागं बांधलेले.

"हे मी कुठं ठेवू?" तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. पांक्रात्सच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. लहान पोराला सांगावं तसं तो हळू म्हणाला, "जिथून उचललंस तिथं."

लोरेंझ खड्ड्याच्या काठाशी गेला. खाली बापाची पेटी होती, तिच्यावर पहिली पुडी पडलेली होती. गुडघे टेकून त्यानं हात जितका पोचेल तितका खाली नेला, आणि रुमाल सोडला. मग तो तिथंच राहिला, कुणीतरी दंडाला धरून उठवीपर्यंत.

मागं उभ्या असलेल्या बायकांत कुणीतरी डोळे पुसून म्हणालं, बघा, मुलानंही वेगळी खूण दिली, असा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. ती गोष्ट गावात अजून सांगतात. पाचांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही.

गुत्त्यात शोकाचं जेवण होतं, बटाट्याचे गोळे नि भाजलेलं डुकराचं मांस. लोरेंझ बसला, थोडं खाल्लं, आणि उजेड आहे तोवर म्हणून उठला. गाईंना सकाळपासून पाणी नव्हतं. त्यानं अंगावरच्या काळ्या कोटासकट त्या कुरणात नेल्या, फाटक उघडलं, त्या दोणीवर वाकून पीत होत्या तोवर वाळुंजापाशी दगडाला हात लावून उभा राहिला. मग गाई परत आणल्या आणि फाटक लावून घेतलं.